सेल्फ फिरतो, मग व्हॅन सुरू का होत नाही?

नोव्हेंबर २०२५ च्या मध्यावर, एका रविवारी, मुंबईतल्या सीएनजी पंपांवर गॅसचा दाब उतरायला लागला. आरसीएफ या खत कारखान्याच्या आवारातून जाणारी गेलची मुख्य गॅसवाहिनी कुणाच्या तरी कामात दुखावली होती आणि त्यामुळे महानगर गॅसच्या वडाळ्यातल्या सिटी गेट स्टेशनचा पुरवठा आटला. सिटी गेट स्टेशन म्हणजे लांबून मोठ्या दाबाने येणारा गॅस जिथे मोजून, दाब कमी करून शहरात सोडला जातो ती जागा. सोमवारी सकाळी रिक्षा आणि टॅक्सी पंपांबाहेर रांगा लावून उभ्या होत्या. पुरवठा पूर्ववत व्हायला मंगळवार उजाडला.

ज्यांच्या गाडीत गॅसबरोबर पेट्रोलचीही टाकी होती, त्यांची तेवढी अडचण व्हायला नको होती. डॅशबोर्डवरचं बटण दाबायचं, गाडी पेट्रोलवर टाकायची आणि निघायचं. पण महिनोन् महिने फक्त गॅसवर पळालेली व्हॅन अशा वेळी हमखास दगा देते. टाकीत पेट्रोल आहे, बॅटरी ठणठणीत आहे, किल्ली फिरवली की सेल्फ जोरात फिरतो, आणि इंजिन मात्र ढिम्म. आदल्या दिवशीपर्यंत रोज पळणारी गाडी इंधन बदलल्याबरोबर आजारी कशी पडली?

उत्तर शोधायचं तर इंधन टाकीतून निघून इंजिनात पोहोचेपर्यंत कुठून कुठून जातं, ते पाहायला हवं. आणि त्याच्याही आधी, दोष इंधनाचाच आहे याची खात्री करायला हवी.

आधी आवाज ऐका

‘गाडी चालू होत नाही’ एवढ्याने मेकॅनिकला काहीच कळत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘सेल्फ मारतो का?’ किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक’ आवाज आला किंवा तोही आला नाही, तर बॅटरी, तिची टर्मिनल आणि सेल्फची मोटर यांच्याकडे बघायचं. तिथे पेट्रोलचा काही संबंध नाही. सेल्फ रडतखडत फिरत असेल तर बॅटरी उतरलेली असते. अशा वेळी फिल्टर बदलून पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, असं असेल तर इंधनावर संशय घ्यायला जागा आहे. तरीही नुसतीच जागा. पेट्रोल इंजिनाला चार गोष्टी लागतात: हवा, इंधन, सिलिंडरमधला दाब आणि ठरल्या क्षणी पडणारी ठिणगी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘करंट’. हवा आणि दाब सहसा रात्रीतून नाहीसे होत नाहीत. उरतात दोन संशयित, इंधन आणि करंट.

या दोघांतला कोण, हे सांगणारा साक्षीदार म्हणजे स्पार्क प्लग. मारुती ओम्नी किंवा ईकोसारख्या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की झाकण, आणि त्याखाली इंजिन. पाच-दहा सेकंद सेल्फ मारून झाल्यावर मेकॅनिक प्लग काढतो आणि त्याचं टोक बघतो. टोक कोरडं ठक्क असेल तर इंधन तिथवर आलेलंच नाही. ओलं असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर इंधन आलं पण जळलं नाही. मग करंटकडे वळायचं, किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त आलं, गाडी ‘ओव्हर’ झाली, असं समजायचं. पाच मिनिटांच्या या कामाने निम्मं निदान होतं. तरीही प्लग न काढता थेट ‘पंप गेला’ म्हणणारे कारागीर भेटतात, हे दुर्दैव.

ओव्हर झालेल्या गाडीसाठी इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत एक सोय असते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला की गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद ठेवतो. नुसती हवा आत-बाहेर होते, सिलिंडर वाळतो आणि गाडी पकडते. कार्बोरेटरच्या गाडीत चोक ओढल्याने ओव्हर झालेली गाडी अशीच मोकळी करत. एकाच वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मात्र मारू नये. मोटर तापते, आणि एका दुखण्याची दोन होतात.

नळाला पाणी का नाही?

वडाळ्यातल्या एखाद्या जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, तेव्हा कुणी आधी नळ बदलत नाही. तळटाकीत पाणी आहे का, पंपाचा आवाज येतोय का, वीज आहे का, जाळी तुंबली आहे का, वर चढणाऱ्या पाइपला गळती आहे का, हे खालून वर एकेक टप्प्याने बघतात. व्हॅनच्या इंधनाची रचना याहून फार वेगळी नाही.

पेट्रोलची टाकी गाडीच्या पोटाखाली. तिच्यातच बुडालेला विजेवर चालणारा पंप. पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी. पुढे फिल्टर. तिथून निघालेली लाइन इंजिनाजवळ एका आडव्या नळीला मिळते, तिला रेल म्हणतात. रेलवर प्रत्येक सिलिंडरसाठी एकेक इंजेक्टर, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारा सूक्ष्म भोकांचा नळ. रेलमधला दाब ठरावीक राखण्यासाठी रेग्युलेटर असतो. बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत हा दाब तीन बारच्या आसपास, कुठे थोडा कमी, कुठे थोडा जास्त.

दाब एवढा महत्त्वाचा का? कारण इंजेक्टर एका वेळी सेकंदाचे काही हजारांश भागच उघडा असतो. तेवढ्यात किती पेट्रोल बाहेर पडेल, याचा हिशेब कॉम्प्युटर दाब बरोबर आहे असं धरूनच करतो. दाब निम्मा असेल तर पेट्रोल कमी पडतं आणि फवाऱ्याऐवजी थेंब पडतात. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ हवेत मिसळली की ती जळते. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आकारमानात सांगायचं तर एका लिटर पेट्रोलला साधारण नऊ हजार लिटर हवा. प्रमाण यापासून फार ढळलं की प्लगने कितीही ठिणग्या पाडल्या तरी मिश्रण पेटत नाही.

पंप टाकीतच का ठेवतात, हाही प्रश्न पडतो. एक तर द्रव ओढण्यापेक्षा ढकलणं सोपं. ओढताना लाइनमधला दाब उतरतो आणि पेट्रोलची आतल्या आत वाफ होऊ लागते. दुसरं, पंपाची मोटर भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहते. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवणाऱ्याचा पंप लवकर का जातो, याचं उत्तर इथे आहे. तळाचा गाळही त्याच्याच वाट्याला जास्त येतो.

किल्ली ऑन, दोन सेकंद शांत बसा

इंधनाच्या तपासणीची पहिली पायरी फुकट आहे आणि तिला पानासुद्धा लागत नाही. रेडिओ, पंखा बंद करायचा, किल्ली फक्त ‘ऑन’वर आणायची, सेल्फ मारायचा नाही. मागच्या बाजूने, टाकीच्या दिशेने, दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. हा पंप रेलमध्ये दाब भरतो आणि थांबतो. इंजिन फिरू लागल्याची खूण मिळाली तरच कॉम्प्युटर त्याला पुन्हा चालू करतो. अपघातात इंजिन बंद पडल्यावर पंपाने रस्त्यावर पेट्रोल ओतत राहू नये, म्हणून ही खबरदारी.

गुणगुण आली नाही म्हणजे पंपच मेला, असं नाही. आधी फ्यूज बघायचा. मग रिले. रिले म्हणजे थोड्या विजेने जास्त वीज चालू-बंद करणारा स्विच. अनेक गाड्यांत हॉर्नचा आणि पंपाचा रिले सारखाच असतो. दोन्हींवरचे आकडे जुळत असतील तर अदलाबदल करून क्षणात कळतं. तोही ठीक असेल तर पंपाच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावायचा. किल्ली ऑन करताच दिवा दोन सेकंद पेटला, तर वीज पोहोचते आहे आणि पंप घेत नाही. पेटला नाही, तर वायरिंगमध्ये दोष. वडाळ्यापासून शिवडीपर्यंतचा पट्टा खाडीला लागून आहे. खाऱ्या दमट हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, अर्थची वायर गंजते. ‘पंप बदलला तरी तेच’ अशा तक्रारीमागे पुष्कळदा अशी एखादी हिरवी पिन निघते.

जुन्या मिस्त्रींचा एक उपाय अजून चालतो. सेल्फ मारताना टाकीच्या बुडाला रबरी हातोड्याने किंवा मुठीने हलकेच ठोकायचं. मोटरचे ब्रश झिजून अडकले असतील तर त्या धक्क्याने ते टेकतात आणि गाडी चालू होते. हा इलाज नाही, निदान आहे. अशी चालू झालेली गाडी थेट गॅरेजात न्यायची, पनवेलला नव्हे.

आता एक चकवा. पंप किल्ली ऑनवर दोन सेकंद वाजतो, पण सेल्फ मारताना गप्प. प्लग कोरडा. सगळी लक्षणं इंधनाची, आणि दोष असतो क्रँक सेन्सरचा. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला याच सेन्सरकडून कळतं. तो मुका झाला की कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन उभं आहे, म्हणून तो ना पंप चालवतो, ना इंजेक्टर उघडतो, ना ठिणगी पाडतो. अशा वेळी पेट्रोल आणि करंट दोन्ही एकदम गायब असतात, आणि तीच ओळखीची खूण. गाडीला दोन स्वतंत्र आजार एकाच सकाळी क्वचितच होतात.

इथे स्कॅनर कामाला येतो. भारतात गाड्यांवर स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा, ओबीडी, १ एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि तिची पुढची आवृत्ती १ एप्रिल २०१३ पासून. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की दोषाचे आकडे दिसतात. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड, पी ०२३० म्हणजे पंपाच्या सर्किटमध्ये, पी ००८७ म्हणजे रेलमधला दाब कमी. पण आकडा बोट दाखवतो ते सर्किटकडे. पार्ट बदला, असं तो कुठेच म्हणत नाही. दाब कमी असण्याची कारणं पाच-सहा असू शकतात, आणि साध्या गाड्यांत रेलवर दाब मोजणारा सेन्सर नसतोच, त्यामुळे पंप मरणपंथाला लागला तरी स्कॅनरवर काही उमटत नाही. ‘स्कॅनरमध्ये काही आलं नाही, म्हणजे पेट्रोल ओके’ हा निष्कर्ष म्हणून फसवा.

दाबाचं घड्याळ

पंप वाजतो म्हणजे तो पुरेसा ढकलतो, असंही नाही. त्यासाठी रेलच्या लाइनमध्ये प्रेशर गेज जोडावा लागतो. मुंबईतल्या किती गॅरेजांत तो रोज वापरात असतो, हा प्रश्न ग्राहकाने विचारायला हरकत नाही.

गेजवर तीन गोष्टी बघायच्या. किल्ली ऑन केल्यावर काटा किती चढतो, इंजिन चालू असताना कुठे स्थिर राहतो, आणि बंद केल्यावर किती वेळ टिकतो. चढतच नसेल तर पंप, जाळी किंवा फिल्टर. चढून लगेच कोसळत असेल तर कुठेतरी गळती: पंपातला परतीची वाट अडवणारा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा ठिबकणारा इंजेक्टर.

दाब न टिकण्याचं लक्षण घरीही ओळखता येतं. सकाळी पहिल्यांदा चालू व्हायला गाडी खूप वेळ घेते, पण दिवसभर मग अर्ध्या किल्लीत चालू होते. रात्रभरात लाइनमधला दाब उतरलेला असतो. किल्ली ऑन करायची, दोन सेकंद थांबायचं, ऑफ करायची. असं तीनदा करून मग सेल्फ मारायचा. त्याने गाडी चटकन चालू झाली तर समजायचं की दाब टिकत नाही. मात्र गाडी चालू झाल्यावर काळा धूर आणि पेट्रोलचा वास आला, तर इंजेक्टर ठिबकतो आहे. ते दुर्लक्षण्यासारखं नाही, कारण तेच पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं.

चौकट: घरच्या घरी, या क्रमाने

• सेल्फ जोरात फिरतो का? नसेल तर बॅटरी आणि टर्मिनल, इंधन विसरा.
• काट्यावर विश्वास नको. टाकीतला फ्लोट अडकला तर रिकामी टाकीही अर्धी दिसते. दोन-तीन लिटर ओतून पाहा.
• किल्लीच्या चित्राचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतो का? मग इमोबिलायझर किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली लावा.
• किल्ली ऑनवर पंपाची गुणगुण येते का? नसेल तर फ्यूज, मग रिले.
• तीनदा ऑन-ऑफ करून फरक पडतो का?
• पेट्रोलचा उग्र वास येतो का? मग सेल्फ मारूच नका. सगळ्यांना खाली उतरवा आणि मेकॅनिकला बोलवा.
• पेट्रोलची लाइन घरी उघडू नका. ती दाबाखाली असते. इनटेकमध्ये पेट्रोल ओतून गाडी चालू करायचा प्रयोग तर नकोच, भडका उडतो.

पडून राहिलेलं पेट्रोल

आता त्या गॅसवर पळणाऱ्या व्हॅनकडे वळू. तिच्या टाकीत पेट्रोल होतं. पण कधीचं?

पेट्रोल हा एक पदार्थ नाही, शेकडो द्रवांचं मिश्रण आहे. त्यातले सर्वांत हलके घटक ३५ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळायला लागतात, जड घटकांना २०० अंश लागतात. थंड इंजिन पेट घेतं ते हलक्या घटकांच्या वाफेवर. टाकी महिनोन् महिने तशीच राहिली की हे हलके घटक आधी उडून जातात. उरलेलं पेट्रोल काडी लावली तर जळेल, गरम इंजिनात चालेलही, पण थंड इंजिन त्याच्यावर सुरू व्हायला तयार नसतं. शिवाय हवेशी संयोग होऊन त्यात चिकट राळ बनते. ती जाळीवर बसते, इंजेक्टरच्या टोकाशी सुकते. एक नवं फिल्टर टाकून हे दुखणं जात नाही. इंजेक्टर काढून साफ करावे लागतात आणि टाकीही रिकामी करावी लागते.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाण्याला जवळ करतं. दमट हवेतली वाफ असो की झाकणाच्या खराब रबरातून झिरपलेला पाऊस, पाणी आधी इथेनॉलमध्ये विरघळतं आणि काही बिघडत नाही. एका मर्यादेपलीकडे मात्र पाणी आणि इथेनॉल दोघं हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पंपाची जाळीही तळाशीच. म्हणजे टाकीत दहा लिटर चांगलं पेट्रोल असलं तरी इंजिनाला सगळ्यांत आधी तळातलं पाणी पाजलं जातं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सीलही इथेनॉलने सुजतात किंवा तडकतात, कारण त्या काळच्या रबराची त्यासाठी निवडच झालेली नव्हती.

तपासणी सोपी आहे. मेकॅनिक टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवतो. खाली वेगळा थर दिसला की प्रश्न मिटला. नव्याने भरलेल्या पेट्रोलवर संशय असेल तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा आणि घनता तपासून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पेट्रोलची घनता १५ अंश तापमानाला घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान असायला हवी.

पावसाळ्यात पाण्यातून गेलेल्या गाडीची गोष्ट निराळी. हिंदमाता किंवा गांधी मार्केटला गुडघाभर पाण्यात बंद पडलेली व्हॅन पुन्हा सेल्फ मारून काढायचा मोह होतो. पण हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या पुरात सापडलेल्या गाड्यांच्या मालकांना हा धडा महागात पडला. पाण्यात बंद पडलेली गाडी ढकलत बाहेर काढायची, किल्लीला हात लावायचा नाही.

गॅस फुल, तरी गाडी अडलेली

द्विइंधनी व्हॅनचं आणखी एक कोडं आहे. सिलिंडर गॅसने भरलेला, गाडी गॅसवरच चालवायची, आणि तरी पेट्रोल नाही म्हणून ती चालू होत नाही. असं का?

सिलिंडरमध्ये गॅस सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. इंजिनाला तो जेमतेम एक-दोन बारने हवा असतो. हा उतार रिड्यूसर नावाच्या डब्यात होतो. दाबाखालचा वायू अचानक पसरला की थंड पडतो, इतका की रिड्यूसर गोठू शकतो. म्हणून त्याच्याभोवती इंजिनाचं गरम पाणी फिरवतात. पण सकाळी पहिल्यांदा इंजिनाचं पाणीच थंड असतं. त्यामुळे अनेक किटमध्ये गाडी आधी पेट्रोलवर चालू होते आणि पाणी पुरेसं तापलं की आपोआप गॅसवर जाते. पेट्रोलची बाजू मेली की गॅसची बाजूही आंधळी. काही नव्या गाड्या थेट गॅसवर चालू होतात, आणि काही किटमध्ये बटण दाबून धरून तातडीची सोय असते. आपली गाडी यातली कुठली, हे ती अडण्याआधी माहीत असलेलं बरं.

उलटंही घडतं. पेट्रोलवर सुरळीत, गॅसवर मिसिंग. चालक गॅसच्या दर्जाला नावं ठेवतो, आणि दोष निघतो झिजलेल्या प्लगमध्ये. गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. प्लग किंवा कॉइल कमजोर झाली की ती आधी गॅसवर उघडी पडते. म्हणजे गाडी थेट गॅसवर चालू होत असेल तर इंधन बदलून पाहणं हीच एक चाचणी झाली: दोन्हींवर बंद, तर करंट किंवा सेन्सर, फक्त पेट्रोलवर बंद, तर पंपाकडची बाजू, फक्त गॅसवर बंद, तर रिड्यूसर, गॅसचा फिल्टर, नाहीतर प्लग. एकाच इंधनाच्या गाडीवाल्याला ही सोय नाही.

मुंबईत हे दुहेरी संसार वाढले त्याला इतिहास आहे. महानगर गॅसची स्थापना १९९५ ची. स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमने १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वाहनांच्या धुराविरुद्ध दाद मागितली, व्ही. एम. लाल समितीने शिफारशी केल्या, आणि न्यायालयाच्या आदेशांनी जुन्या टॅक्सी स्वच्छ इंधनाकडे वळल्या. त्यांच्या पाठोपाठ व्हॅन आणि टेम्पोही.

फियाटच्या पंपावरचं ओलं फडकं

त्या जुन्या टॅक्सी, म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेल्या पद्मिनी, ज्यांना मुंबई शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिली. मे महिन्यात दादरच्या सिग्नलला बंद पडलेल्या फियाटचं बॉनेट उघडून ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकत असे. ती अंधश्रद्धा नव्हती. त्या गाडीचा पंप यांत्रिक, इंजिनालाच जोडलेला, आणि तो टाकीतून पेट्रोल ओढत असे. इंजिनाच्या उष्णतेने लाइनमधल्या पेट्रोलची वाफ झाली की पंप वाफेवरच फुसफुसत राही, कार्बोरेटरमध्ये थेंब पडत नसे. फडक्याने पंप थंड झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल, आणि गाडी सुरू.

१९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन, १९८८ पासूनची ओम्नी, हीही ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची, सुरुवातीला कार्बोरेटरवरच होती. सीटखाली कोंडलेल्या इंजिनामुळे उन्हात तिलाही असलाच त्रास. कार्बोरेटरमधलं जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, कचऱ्याने तुंबलं की मिस्त्री ते काढून तोंडाने फुंकर मारायचा आणि गाडी चालू करून द्यायचा. इंजेक्शन आल्यावर वाफेचा आजार जवळजवळ गेला, कारण पंप टाकीत गेला आणि दाबाखालचं पेट्रोल सहज उकळत नाही. पण फुंकर मारून बरं होण्याचे दिवसही गेले. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली.

डिझेलचा वेगळा न्याय

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलकडे मात्र प्लगचा प्रश्नच येत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापून डिझेलला पेटवते. तिथला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे लाइनमध्ये शिरलेली हवा. टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलताना निष्काळजीपणा झाला की गाडी ‘एअर घेते’. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही. त्यामुळे बुडबुडा असलेल्या लाइनमध्ये पंपाचा सगळा जोर बुडबुडा चेपण्यात जातो आणि इंजेक्टर उघडत नाही. फिल्टरजवळचा हातपंप दाबत, स्क्रू सैल करून, फेसाऐवजी सलग डिझेल येईपर्यंत हवा काढायची, हा जुना उपाय.

नव्या कॉमन रेल गाडीत मात्र इंजेक्टरकडची लाइन सैल करून सेल्फ मारायचा नाही. तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो आणि सुईएवढी धार कातडी भेदून आत शिरते. जखम बाहेरून टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण बोट गमवावं लागू शकतं. डिझेलच्या फिल्टरखाली पाणी साठवणारा पेला असतो. पावसाळ्यात त्याचा बूच उघडून पाणी काढून टाकलं की निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

बिल देण्याआधी

पंप खरोखरच गेला आणि बदलायचं ठरलं, तर गॅरेजला दोन गोष्टी विचाराव्यात. टाकी साफ करणार का? जुना पंप ज्या गाळाने मेला त्याच गाळात नवा बुडवला तर तो काही महिन्यांत त्याच वाटेने जातो. आणि दाब मोजून दाखवणार का, पंप बदलायच्या आधीचा आणि नंतरचा? जुना पार्ट परत मागून घ्यावा. पंपाची काळी पडलेली जाळी बघितली की टाकीची अवस्था सांगावी लागत नाही.

गॅसवर चालणाऱ्या व्हॅनसाठी खर्च त्याहून कमी आहे. टाकीत निदान पाव भाग ताजं पेट्रोल ठेवायचं, आठवड्यातून एकदा गाडी दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवायची, म्हणजे इंजेक्टर ओले राहतात आणि जुनं पेट्रोल संपून नवं येतं. बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये गॅसवर चालतानाही पेट्रोलचा पंप आत फिरतच असतो. अशा गाडीची टाकी कोरडी ठेवणं म्हणजे वापर नसताना पंप जाळणं. किट बसवणाऱ्याला विचारून पंप बंद करणारा रिले लावून घेता येतो, आणि गॅसच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी सक्तीची तपासणी आली की त्याच फेरीत हे कामही उरकतं.